मुंबईला जाणारा गुळाचा रवा

माझ्या वर्गमित्राला मी आयुष्यभर पाण्यात पाहिलं. लॉ कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो, एकाच खानावळीत जेवायचो. परीक्षेत मी पुढे, तो मागे. मग तो मुंबईला हायकोर्टात वकिली करायला गेला आणि मी कोल्हापूरच्या जिल्हा कोर्टात राहिलो. तेव्हापासून तो वर आणि मी खाली. हे मी म्हणत नाही, कोर्टांची रचनाच तशी आहे.

काही देशांत म्हणे केंद्राची कोर्टं वेगळी आणि राज्यांची वेगळी. आपल्याकडे राज्यं कितीही असोत, जिना एकच. तालुक्याला साक्षीपुरावा, जिल्ह्याला पहिलं अपील, मुंबईला दुसरं, आणि जिद्द उरलीच तर दिल्ली. माझी सनद मुंबईतही चालते. पण तिथं काम बोर्डावर कधी निघेल त्याचा नेम नाही. एसटीनं जायचं, दिवसभर ताटकळायचं आणि हात हलवत परत यायचं, हे कोण किती वेळा करणार? म्हणून माझे पक्षकार मीच त्याच्या दारात नेऊन सोडायचो. नागपूरला खंडपीठ, औरंगाबादला खंडपीठ, आणि कोल्हापूरला ठेंगा. खंडपीठासाठी निघणाऱ्या मोर्चात आम्ही सगळे वकील पक्षकारांच्या सोयीसाठी ओरडायचो. माझा निम्मा आवाज तरी त्याच्या नावानं निघायचा.

नव्वदच्या दशकात नेसरीकडच्या एक आक्का माझ्याकडे आल्या. शेजाऱ्यानं त्यांच्या उसाच्या शेताची वाट अडवली होती. गडहिंग्लजच्या कोर्टात त्या हरल्या होत्या. मी स्वतः बांधावरून फिरून आलो, जिल्हा कोर्टात अपील केलं, साक्षीदारांचे जबाब घसा बसेपर्यंत वाचून दाखवले आणि वाट मोकळी करून घेतली. शेजारी मुंबईला गेला, मग आमच्या बाजूनं अर्थातच माझा मित्र उभा राहणार होता.

आमच्याकडे गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. खटला जिंकला की गुऱ्हाळातला पहिला रवा वकिलाला, ही त्या भागातली रीत. आक्का म्हणाल्या होत्या, “मुंबईचं तेवढं मिटू दे, पयला रवा वकिलास्नी.” तो रवा मला हवा होता. गूळ बाजारात भरपूर मिळतो, मला तो मान हवा होता. म्हणून त्या वेळी मीही आक्कांबरोबर मुंबई गाठली.

शेजाऱ्याच्या वकिलानं तेच साक्षीदार पुन्हा उगाळायला घेतले. न्यायमूर्तींनी त्याला थांबवलं. वाट होती की नव्हती हे जिल्हा कोर्टानं पुरावा पाहून ठरवलंय, दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर दाखवा, म्हणाले. तसा काही निघेना. अपील फेटाळलं. माझ्या मित्रावर तोंड उघडायची वेळच आली नाही.

म्हणजे खटला जिंकला कुणी? मी! व्हरांड्यात आक्कांनी पिशवीतून रवा काढला, मी हात पुढे केले, आणि रवा त्याच्या हातांत गेला.

“काय मानूस हाय की!” आक्का मला म्हणाल्या. “तोंड सुदिक उघडलं न्हाय, नुसता हुबा ऱ्हायला आनि निकाल! तुमी कोल्लापुरात किती वरडत हुतासा!”

मित्र ओशाळला. “आक्का, हे काम यांनी कोल्हापुरातच जिंकलं होतं. रवा यांचा आहे.”

“बगा वकीलसाहेब,” आक्कांनी माझ्या दंडाला धरलं, “मोटी मानसं अशी असत्यात.”

तो गप्प राहिला असता तर मला कमी झोंबलं असतं.

पुढं कितीतरी वर्षं, गुऱ्हाळं सुरू झाली की आक्का रवा घेऊन माझ्या ऑफिसात यायच्या. “साहेबास्नी मुंबईला धाडा, तुमचं येनंजानं असतंय,” म्हणायच्या, चहा पिऊन जायच्या. मी धाडायचो. पण त्याआधी आठवडाभर तो रवा माझ्या टेबलावर ठेवायचो, येणाऱ्या पक्षकाराला दारातूनच दिसेल असा. कुणी दिला ते मी सगळ्यांना सांगायचो. कुणासाठी, ते कुणी विचारत नसे.