कार्बनच्या चाकावरचं ठिगळ

समुद्रकाठच्या दांडी गावातल्या एकनाथ तामोऱ्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघतात. बिस्किटांचा डबा असो, मोबाइल असो, की माझं नवंकोरं हेल्मेट. "आतून कसं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वस्तू कुठून आणली, कितीला पडली, यात त्यांना काडीचाही रस नाही. माझं हेल्मेट त्यांनी इतकं दाबून आणि वाकवून पाहिलं की शेवटी मी ते गोड बोलून परत मागून घेतलं.

त्यांचा धंदा होड्या दुरुस्त करण्याचा. वडिलांची होडी लाकडाची होती. पुढे किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या, आणि त्यातली एक खडकावर आपटून फुटली तेव्हा ती कोणालाच जोडता येईना. मालकाने ती वाळूत टाकून दिली. विशीतल्या एकनाथने करवतीने तिचा हातभर तुकडा कापून घरी आणला आणि आठ दिवस त्याचे पदर सुटे करत बसला. घरच्यांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. आठ दिवसांनी त्याला उलगडा झाला की हे सगळं म्हणजे कापड आणि रेझिन. कापडाचा थर, त्यावर रेझिनचा चिकट रस, पुन्हा कापड, आणि वाळलं की दगडासारखं घट्ट. तेव्हापासून चिंचणीपासून एडवणपर्यंत होडीला भोक पडलं की बोलावणं त्यांनाच. तामोऱ्याचं ठिगळ सुटत नाही, असं लोक म्हणतात. हे खरं आहे का, याची मी चार बंदरांवर चौकशी केली होती. मलाही खोलात शिरायची खोड आहेच.

मी इंद्रजीत, मूळचा परभणीकडचा, बोईसरला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. रविवारी आमचा सहा-सात जणांचा गट सायकली काढतो. एकनाथकाकांची ओळख झाली ती त्यांच्या मुलीमुळे, जागृतीमुळे. कॉलेजची बस वेळेवर मिळत नाही म्हणून तिने सायकल धरली, आणि दोन वर्षांत अशी वेळ आली की गटातल्या आम्हा पुरुषांना तिची फक्त पाठ दिसायची. यंदा जव्हारच्या घाटात जिल्ह्याची निवडशर्यत होती. घाट चढायचा, वळायचं आणि तोच घाट उतरायचा. पहिल्या तिघींना राज्याच्या शिबिरात जागा. जागृतीला ती जागा इतकी हवी होती की तिने आवडता सुका बोंबील सोडून उकडलेली अंडी खायला सुरुवात केली. तिची आई मंजुळाताई सुकी मासळी विकतात. त्यांना हा घरचा अपमान वाटला.

जागृतीचे पाय तयार होते, सायकलची चाकं जड होती. "दादा, हलकी चाकं बघा ना माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि मी महिनाभर घरच्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देता चाकांचीच माहिती वाचत बसलो. कार्बनच्या धाग्यांची हलकी रिम, म्हणजे चाकाची बाहेरची कडी, घ्यायची हे ठरलं, पण कुठली? एका प्रकारात टायर रिमला गोंदाने चिकटवतात. ती चाकं हलकी असतात, पण रस्त्यात पंक्चर झालं की बसा रडत. दुसरा प्रकार क्लिंचर. त्यात नेहमीच्या सायकलसारखी ट्यूब आत असते आणि टायरची कड रिमच्या दोन्ही काठांत अडकून बसते. हवा त्या काठांना सतत बाहेर ढकलत असते, काठ तिला आवरून धरतात. जागृतीला रोजच्या सरावालाही चाकं लागणार, म्हणून क्लिंचर. ब्रेक रिमच्या काठावरच घासतात, त्यामुळे लांब उतारावर कार्बन तापतं, त्यासाठी वेगळे ब्रेकचे रबर लागतात, हेही मी वाचलं आणि रबर मागवले. माझ्यासारखा जाणकार पंचक्रोशीत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

वसईच्या एका सायकलस्वाराकडे वापरलेली जोडी मिळाली. "पुढच्याला एकदा दगड लागला होता, पण काही झालं नाही," असं तो म्हणाला. मी चाकं थेट दांडीला नेली.

एकनाथकाकांनी चाक मांडीवर घेतलं. वास घेतला, काठावरून नख फिरवलं. मग खिशातून नाणं काढून रिमवर टकटक करत हळूहळू चाक फिरवू लागले. होडीचंही ते असंच करतात. टणटणीत आवाज येत होता, तो एका जागी एकदम बसका झाला. त्यांनी चाक मागे फिरवून पुन्हा ऐकलं.

"हितं पदर सुटलेत," ते म्हणाले. "वरून दिसायचं नाय. काठापर्यंत गेलंय."

मी म्हणालो, चाकं परत करू. जागृतीचा चेहरा पडला. तो पाहून एकनाथकाका म्हणाले, "परत कशाला? कापड नि रेझिनच हाय ना? मी हाय की."

मला इतका आनंद झाला की मी पुढचं काहीच विचारलं नाही. आजही त्याची लाज वाटते. मी कार्बनचं कापड मिळवून दिलं. काकांनी सुटलेले पदर घासून काढले, नवे थर बसवले, त्यांचं नेहमीचं रेझिन भरलं, दोन दिवस सुकू दिलं आणि पॉलिश पेपरने इतकं गुळगुळीत केलं की जागा कुठली ते बोटाला कळेना. नाणं वाजवलं, टणटणीत. जागृतीने आठवडाभर सरावाला तीच चाकं लावली आणि चढावर पुरं दीड मिनिट वाचवलं.

शर्यतीच्या आदल्या रविवारी आम्ही वाघोबा खिंडीत सरावाला गेलो. आपलं चाक पळताना कसं दिसतं ते बघायला एकनाथकाकाही मासळीच्या टेम्पोत बसून आले आणि खिंडीच्या पायथ्याशी उभे राहिले. जागृती खाली आली ती भन्नाट. त्यांच्यापाशी तिने करकचून ब्रेक लावला. काका वाकले, ठिगळ बघायला काठाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हे गरम का हाय?"

आम्ही हसलो. मग मी शिकवणीला बसल्यासारखं त्यांना समजावून सांगितलं की ब्रेक घासला की उष्णता होते, इथला उतार लहान आहे, जव्हारला याच्या कितीतरी पट तापेल. काका ऐकत होते. एरवी त्यांनी वीस प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकच विचारला, "पाण्याच्या उकळीएवढं?" मी म्हणालो, त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून सुटताना त्यांचा फोन आला. "इंद्रजीतभाऊ, येऊन जा." गेलो तर अंगणात चुलीवर मंजुळाताईंचं पातेलं उकळत होतं. काकांनी त्यात ठिगळ करताना उरलेला, वाळून कडक झालेला एक तुकडा टाकला होता. चिमट्याने बाहेर काढून माझ्या समोर धरला आणि दोन बोटांनी दाबला. तो चपलेच्या तळव्यासारखा वाकला. थंड झाल्यावर पुन्हा कडक.

"तीस वर्षं हे काम करतो," ते म्हणाले. "होडी कदी तापत नाय. खाली पाणी, वर वारा. मला तापायचं कायच ठाऊक नाय."

मी प्रयोगशाळेत काम करतो. कुठलं रेझिन किती उष्णतेला मऊ पडतं, हे माझ्या टेबलावरच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तापण्याचं मला पाठ होतं, ठिगळाचं त्यांना, आणि समोरासमोर बसून आम्ही दोघांनी महिनाभर नुसता चहा प्यायला होता.

जागृती आली तेव्हा तिला सांगितलं. तिने तुकडा बघितला, पण ऐकून घेतलं नाही. शर्यत सहा दिवसांवर होती. "काल उतरले की नाय मी खाली? काय झालं? बाबा, तुमचं ठिगळ आजपर्यंत कुठं सुटलंय?" ती म्हणाली. "सगळी दांडी सांगते. आता माझ्याच वेळेला तुमाला भरवसा नाय?"

याला उत्तर देणं एकनाथकाकांच्या जिवावर आलं असणार. बापाच्या नावावर तिचा भरवसा होता, तोच त्यांना मोडायचा होता. ते उठले, पुढचं चाक काढलं, टायरमध्ये शर्यतीला भरतात तेवढी हवा पंपाने भरली आणि चाक भिंतीला टेकवून उभं केलं. आम्हाला मागे व्हायला सांगितलं. आवाजाने शेजारचे दामू मेहेर नि त्यांची सून कुंपणापाशी आले. काकांनी लांब दांड्याच्या पळीने उकळतं पाणी ठिगळावर ओतायला सुरुवात केली. एक पळी, दुसरी, तिसरी. जागृती हाताची घडी घालून बघत होती.

सातव्या-आठव्या पळीला रिमचा काठ बाहेर सरकला. आधी बोटभर जागेत, मग वीतभर. टायरची कड निसटली आणि मोठा आवाज होऊन ट्यूब फुटली. मंजुळाताईंच्या कोंबड्या घरात पळाल्या. काठ उघडा पडला होता, आणि जिथून उघडला ती जागा बरोबर ठिगळाची होती.

एकनाथकाकांनी पळी खाली ठेवली आणि कुंपणाकडे वळले. "दामूदादा, बघितलंत ना? माझं ठिगळ सुटलं. सांगा बंदरावर."

जागृती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

शर्यत ती जुन्या, जड चाकांवर धावली. घाटात मी तिसऱ्या वळणावर उभा होतो. उतरताना ती दात-ओठ खाऊन आली, ब्रेक दाबून वळली आणि दिसेनाशी झाली. चौथी आली. तिसरी तिच्यापुढे अकरा सेकंद होती. हलक्या चाकांनी वाचवलेल्या दीड मिनिटाचा हिशोब आम्हा तिघांनाही येत होता.

परतीच्या टेम्पोत ती मागे सायकलला टेकून बसली, बापाकडे पाठ करून. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. विक्रमगड गेलं, मनोर गेलं, तरी ती वळली नाही. मला राहवेना. शेवटी मी तिला म्हणालो, "अगं, त्यांनी तुझ्यासाठी गावभर स्वतःचं नाव घालवलं, आणि तू अशी रागावतेस?"

एकनाथकाकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"रागावू दे, भाऊ," ते म्हणाले. "रागवायला ती जिती तर हाय."