टँकरवर वाढलेली कोरडवाहू ज्वारी

मुरूमतात्यांच्या हातात ज्वारीचं कणीस दिलं, तर ते कणसाकडे बघायचेच नाहीत. "कुठं वाढलं हे?" एवढंच विचारायचे. आणणारा दाण्याच्या टपोरेपणाचं कौतुक करत राहायचा आणि तात्या त्याच्या चपलेची माती बोटावर घेऊन चोळायचे. धारूरच्या डोंगरकडेला त्यांचं मुरमाड रान होतं, नाव त्यावरून पडलेलं. मी आमच्या सहकारी बियाणे संस्थेचा सचिव, म्हणजे चेअरमनसाहेब बोलतील ते सुवाच्य अक्षरात लिहिणारा माणूस.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही तात्यांनी हाच हिसका दाखवला. मुलीच्या आईला विचारलं, "पाणी कुठून आणता?" ती माउली संकोचून म्हणाली, "लई लांबून." "मंग पसंत हाय," तात्या म्हणाले. पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी अजून बाहेर यायची होती!

त्यांचं म्हणणं साधं होतं. "बी एकच. पर काळ्या रानात येगळं वागतं, मुरमात येगळं. तहान लागली की त्याच्या पोटातलं काहीबाही जागं होतं." आम्ही हसायचो. मग एकदा कृषी महाविद्यालयाचे एक शास्त्रज्ञ आले. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं, की पिकाची जनुकं तीच असतात, पण पाणी तुटलं की त्यातली काही कामाला लागतात, काही गप्प बसतात. मग मुळं खोल जातात, पानं गुंडाळली जातात. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तात्या माझ्या कानाशी लागले, "मी हेच बोललो तर हसतेत. माज्याकडं पडदा न्हाई ना!"

दर दुष्काळात ज्वारीची जी ताटं उभी राहिली, त्यांचंच बी तात्यांनी वर्षानुवर्षं जपलं होतं. मूलबाळ नव्हतं. हे बी आपल्या माघारी चार गावांत जावं, एवढीच त्यांना आस होती. त्यात पाऊस दडी मारून बसला आणि दुष्काळात टिकणारा एक वाण निवडून वाटायचा, असं संस्थेने ठरवलं. चाचणी चेअरमनसाहेबांच्या रानात. तात्यांनी पिशवीभर बी स्वतः आणून दिलं.

पण पाहणीला पाहुणे येणार, तेव्हा रान हिरवंगार दिसायला नको? म्हणून गावाला येणारा टँकर आधी चाचणीच्या वाफ्यांकडे वळू लागला. तात्या टँकरला आडवे झाले आणि चेअरमनना म्हणाले, "अवो साहेब, जिला तहानच लागली न्हाई, ती तहान सोसती का न्हाई हे कळायचं कसं?"

"तात्या, पाहुण्यांना काय करपलेलं दाखवू?" चेअरमन म्हणाले.

फुकटच्या पाण्यावर तात्यांची ज्वारी माजली, नको तेवढी वाढली आणि ऐन पाहणीच्या दिवशी आडवी झाली. शेजारच्या वाफ्यातला, संस्थेने बाहेरून आणलेला वाण मात्र ताठ उभा होता. तो पास, तात्यांचा नापास. अहवालात मी लिहिलं : 'चाचणी पूर्णपणे कोरडवाहू परिस्थितीत घेण्यात आली.'

पास होऊन वाटली गेलेली ज्वारी पुढच्या रब्बीत कणीस बाहेर पडण्याआधीच वाळली. संस्थेने पावसाच्या निषेधाचा ठराव केला, त्याला सूचक आणि अनुमोदकही मिळाले. तात्यांच्या मुरमावर कणसं आखूड होती, पण भरलेली.

तेव्हा ते माझ्याकडे आले. "सचिव, ती एक ओळ दुरुस्त करा. बी नापास झालं न्हाई, तुमची परीक्षा चुकली. नापास बी कोण नेतंय?"

"संस्थेची निवडणूक होऊ द्या तात्या," मी म्हणालो.

निवडणूक झाली. पुढचीही झाली. तात्या दर सभेला माझ्याकडे बघायचे. नंतर त्यांनी बघणं सोडून दिलं, ते मला जास्त लागलं.

एका उन्हाळ्यात ते गेले. महिन्याभराने भेटायला गेलो, तर पुतण्याने आग्रहाने जेवायला बसवलं. ताटात पांढरीशुभ्र भाकरी आली. "कोणती ज्वारी?" मी विचारलं.

"तात्याचीच की. बियाची कणगी भरून ठेवलती त्यांनी. म्या दळायला काढली," तो म्हणाला. "पेरून काय करू? संस्थेच्या कागदात नापास हाय न्हवं ते. तुमीच तर लिवलंय."

कणगी रिकामी झाली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि अहवालाबद्दल एक शब्द बोललो नाही. त्याची लाज अजून जात नाही.