वाघाच्या तासाला सानिकाने विचारलेलं

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये. तुम्हीच सांगा काहीतरी.

इस्लामपूरजवळच्या एका गावात मी शिकवते. आज चौथीला राष्ट्रीय प्रतीकं होती. तिरंगा झाला, अशोकस्तंभ झाला, मग वाघ आला. मी रंगात येऊन विचारलं, "वाघच का बरं निवडला असेल?"

"शूर असतोय म्हणून!" सगळा वर्ग ओरडला.

सानिकाने हात वर केला. "बाई, आमच्या गावात वाघ ऱ्हातोय."

पोरं खो खो हसली. मीही हसले. ती मात्र गंभीर.

"खरंच बाई. आमचं गाव डोंगरात हुतं. वाघाला जंगल पायजे म्हणून सगळ्यांना उठवलं आन् हिकडं जागा दिली. आजोबा सांगत्यात."

मागच्याच महिन्यात 'वाघ वाचवा' फेरीत हीच पोर वाघाचा मुखवटा लावून सगळ्यांच्या पुढे चालत होती. घोषणा मी लिहून दिल्या होत्या.

"आजोबांना राग येतो का गं वाघाचा?"

"न्हाई. त्येनं थोडंच उठवलं, म्हंत्यात."

वाघ वाचायलाच हवा, हे मला आत्ताही पटतं.  पण तेव्हा फळ्याकडे वळून मी 'शौर्य' हा शब्द उगाच पुन्हा गिरवला.

घंटा झाली. दप्तर भरता भरता ती म्हणाली, "बाई, उद्या मोर हाय न्हवं? मोरासाठी कुणाला उठवलं?"

तुम्ही काय सांगितलं असतं? उद्या पहिलाच तास आहे हो.