चंद्राच्या गैरहजेरीचा पंचनामा

आमच्या ग्रामपंचायतीने एकदा ठराव करून चंद्राला नोकरीवर ठेवले. ठरावाची भाषा अर्थात अशी नव्हती. शुक्ल अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत चांदणे उपलब्ध असल्याने रस्त्यावरचे रॉकेलचे दिवे लावू नयेत, एवढेच त्यात म्हटले होते. हा नवा नोकर आषाढ-श्रावणात कामावर येतो की नाही, हे पाहण्याची तरतूद मात्र कोणाला सुचली नाही. आमचे गाव पोलादपूरच्या डोंगरात. त्या दोन महिन्यांत तेथे भरदुपारी समोरचा डोंगर दिसत नाही, मग चंद्राची काय कथा!

तेव्हा एकोणीसशे साठ साल जवळ आले होते. ज्या सभेत हा ठराव झाला तेथे मी हजर होतो. आभाळ इतके दाटले होते की चार वाजताच दोन पेट्रोमॅक्स लावाव्या लागल्या, आणि त्यांच्या फुरफुरत्या उजेडात सरपंचांनी काटकसरीवर भाषण केले.

"घासलेट काय रानात उगवतं? जमिनीच्या पोटातनं उपसतात, तेपण परमुलखात. एकदा जळलं का गेलं. चंद्र काय संपनार हाय?"

विधान बिनतोड होते. रॉकेलचे अवगुण मलाही ठाऊक होते. ते काचा काळ्या करते, नाकात काजळी भरते आणि पावसाने महाडचा ट्रक अडला की गावाला आंधळे करते. पण करंजेलाची पणती वाऱ्याने विझते, काटक्यांची पेटती चूड पावसाने विझते, आणि काचेतला रॉकेलचा दिवा या दोघांनाही दाद देत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी त्याचे सारे अवगुण माफ करायला तयार होतो. कारण गावात एकूण सहा दिवे होते. पाच पंचांच्या दारांत, जेथे ओटीवर घरचा कंदील असतोच; आणि सहावा साकवावर, वहाळावरच्या त्या दोन फळ्यांच्या पुलावर.

त्या साकवावरून माझी थोरली बहीण रात्री-अपरात्री जात असे. आक्का विधवा, पलीकडच्या सगळ्या वाड्यांची सुईण. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, आणि मुले काही पंचांग पाहून जन्माला येत नाहीत.

महाडला वकिलाकडे मी उभी हयात कारकुनी केलेली. अर्ज लिहिणे हा माझा धर्म. पहिल्या अर्जास पंचायतीच्या चिटणिसांनी उत्तर दिले: "पंचांगानुसार चंद्रोदय वेळेवर होत आहे. तक्रार तथ्यहीन." मी वरच्या कचेरीकडे गेलो. कचेरीने चंद्र नसल्याचा पुरावा मागितला.

ठीक आहे, म्हटले. आषाढ शुद्ध त्रयोदशीस, दिवेलागणीनंतर, मी पंचनाम्यासाठी पाच पंचांना घेऊन साकवावर उभा राहिलो. इरली डोक्यावर, वरून धो धो पाऊस, खाली वहाळाचा गडगडाट.

"अण्णा, सही कुठं करू? मला काय दिसत नाय."

"तेच तर लिहायचं आहे."

"मग कागुद तरी दिसू दे की! हितं माझा हात मला दिसत नाय."

"याला उजेडात तरी कुठं वाचता येतंय?" मागून कोणी तरी म्हणाले, आणि पंच हसू लागले. शेवटी माझाच कंदील पेटवून पाच सह्या घेतल्या, आणि खरेपणाच्या खाजेपोटी मी "सह्या कंदिलाच्या उजेडात घेतल्या" असेही नमूद केले.

कचेरीचा निकाल पंधरवड्याने आला: "पंचनाम्यात कंदिलाचा उल्लेख आहे. त्याअर्थी घटनास्थळी उजेड होता. अर्ज निकाली." हा कागद मी अजून जपून ठेवला आहे. एवढे निर्दोष तर्कशास्त्र मला कोर्टातही कधी भेटले नाही.

श्रावण शुद्ध द्वादशीला, म्हणजे चंद्र कामावर असताना, रात्री पलीकडच्या वाडीतून बोलावणे आले. मी अंगणात आडवा उभा राहिलो.

"आक्का, पाऊस उघडेपर्यंत थांब."

"पोर थांबंल काय रे? सर बाजूला."

मी कंदील पेटवेपर्यंत ती चूड घेऊन निघालीही. चूड साकवाच्या मध्यावर विझली. आक्काचा पाय फळीवरून घसरला आणि ती कडेच्या खडकावर पडली. उजवे मनगट मोडले. तशीच उठून ती पुढे गेली आणि डाव्या हाताने तिने बाळंतीण सोडवली. हाडवैद्याने मनगट बांधले खरे, पण ते वाकडेच बसले. त्यानंतर तिने कुणाचे बाळंतपण केले नाही.

आठ दिवसांत पंचायतीने नवा ठराव केला. साकवावरचा दिवा रोज लागेल. तिथी पाहिली जाणार नाही. माझ्या कोणत्याही अर्जाचा त्यात उल्लेख नव्हता.

कोजागरीला आभाळ स्वच्छ होते. समोरचा डोंगर दुधाने धुतल्यासारखा दिसत होता, वहाळातले गोटे मोजता येत होते, आणि त्या लख्ख चांदण्यात साकवावरचा दिवा रॉकेल जाळत उभा होता. जे एकदा जळले की गेले, ते! मी तिरीमिरीत दौत उघडली आणि कागदावर "महाशय" लिहिले.

ओटीवर बसलेली आक्का वाकडे मनगट चोळत माझ्याकडे पाहत होती.

"ऱ्हाऊ दे रे, भाऊ," ती म्हणाली. "तुझ्या कागदानं तो विझला, तर परत पेटवायला माझा दुसरा हात मोडायला लागंल."