वहीतला हेंगाढा

दशाश्वमेध घाटावरच्या त्या मराठी पुरोहितांना मी एकदाच भेटलो. यात्रेकरूंच्या पिढ्या वहीत उतरवायच्या, हे त्यांचं वडिलोपार्जित काम. वडिलांच्या अस्थी गंगेत सोडून मी समोर बसलो. त्यांनी बोट गंगाजळात बुडवून सावकाश पान उलटलं. माझ्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘हेंगाढा’.

आमच्या घराण्यात गोऱ्या साहेबाच्या हातून पदवी घेतलेला पहिला मीच. म्हटलं, “गुरुजी, हा शब्द हेंगाडा. म्हणजे गावंढळ. शिवी आहे ती, खोडून टाका.”

“तुमच्याच गावच्या पाटलांनी सांगितला, यजमान. तुमच्या आजोबांना लिहिता येत नव्हतं. माझ्या आजोबांनी ऐकला तसा लिहिला. आम्ही तर आजवर आडनावच समजत होतो.”

“मग आता तरी खोडा.”

“वहीत खाडाखोड चालत नाही. आणि खोडलं तर तुमचा नातू यांना शोधणार कसा?” त्यांनी टाक माझ्या हातात दिला. “बाकी तुम्ही लिहा. तुम्हाला येतं.”

मी माझं नाव लिहिलं, पुढे बी. ए. लिहिलं. थोडा थांबलो, आणि त्याखाली लिहिलं, ‘हेंगाढा यांचा नातू’. शब्द होता तसाच ठेवला.

त्यांनी ओली शाई टिपायला तिच्यावर चिमूटभर वाळू टाकली. म्हणाले, “अक्षर साफ आहे.”