पितळी डबीतली पाती

रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, हातातलं काम टाक अन् लवकर ये. एक चीज सापडली."

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. सुट्या भागांसाठी तो भंगारवाल्याकडून पोत्याने जुना माल आणतो. मी पोचले तेव्हा तो दुकानामागच्या घराच्या दारातल्या ओट्यावर बसला होता. तळहातावर आठकोनी पितळी डबी. तिच्यावर एक दांडा, बाजूला बटण आणि तळाला बारीक, समांतर फटी.

"कुलूप असन का वं? का घड्याळाचं काही?"

मी डबी उलटी करून फटींत डोकावले आणि अंगावर सर्रकन काटा आला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त काढते. आमच्या कामातल्या जुन्या वस्तूंचे व्हिडिओ बघायचा मला नाद आहे. त्यातल्या एकात मी अशीच डबी पाहिली होती.

"अरे, हे रक्त काढाचं यंत्र आहे! पहिलेच्या काळी डॉक्टर हे कातडीवर ठेवून बटन दाबत. आतली पाती बाहेर येत. मग जखमेवर गरम काचेचा पेला पालथा घालून रक्त ओढत."

"काहून पन?"

"खराब रक्त निघालं का मानूस बरा होते, असं वाटे त्यायले."

भावाला आता धीर धरवेना. दांडा गंजून बसला होता. त्याने मशीनचं तेल सोडलं, चिंधीने पुसलं, पुन्हा सोडलं. अखेर दांडा करकरत मागे गेला आणि खाचेत बसला. कशावर चालवायचं? समोर आईने भाजीसाठी काढून ठेवलेलं लाल कोहळं, म्हणजे भोपळा, होतं. त्याच्यावर डबी ठेवून मी बटण दाबलं.

खट्!

डोळ्याला काही दिसलंच नाही. डबी उचलली तर कोहळ्यावर सरळ, बारीक चिरांच्या ओळी. आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो. "अजून एकदा!" भाऊ म्हणाला. आम्ही दांडा ओढत राहिलो, बटण दाबत राहिलो.

आवाज ऐकून आई बाहेर आली. "भाजी कराची होती मले त्याची! काय करून राह्यले तुम्ही?"

मी सांगितलं. ती हात पुसत शेजारी बसली.

"माह्या मायले तुंबडी लावली होती, खैरलांजीले. गाईचं शिंग होतं. पाठीवर वस्तऱ्यानं चिरा पाडल्या, शिंग ठेवलं, टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढली अन् त्या भोकाले मेन लावलं. मी तिचा हात धरून बसली होती."

"बरं वाटलं का आजीले?"

"हौ म्हने. ताप तं तसाच होता." आई हसली. मग तिने डबी हातात घेतली. "दाबाचं कुठं हाय?"

तिनेही दाबलं. दचकली आणि पुन्हा दांडा ओढायला लागली.

दुसऱ्या दिवशी भावाने पाती काढून दिल्यावर मी डबी लॅबमध्ये नेली. आमच्या गंभीर डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "अरे वाह! मैं दबाऊं?" खट्. "एक बार और?" खट्. बाहेर उपाशीपोटी आलेले पेशंट ताटकळत होते आणि डॉक्टर काही डबी सोडेनात.