आईची नवी कवळी

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. लोकांना दात पुरवता पुरवता त्यांचे स्वतःचे गुडघे कधीच कामातून गेले होते. सत्तरी दारात उभी होती, बायको देवाघरी गेली होती. लांबच्या शहरातली लेक सारखी फोन करी: तुमची खोली तयार आहे, दुकानाला कुलूप लावा आणि या. पण नव्वदी ओलांडलेली आई ठणठणीत होती आणि हे घर सोडायचं नाव काढत नव्हती. लेकीच्या फोनचं त्यांनी आईला कधी सांगितलंच नाही. आईनंतर बघू, असं मनात म्हणत आणि लगेच जीभ चावत.

आईचं मात्र भलतंच चाललं होतं. मोबाइलवर दीर्घायुष्याचे कार्यक्रम बघून तिने रात्रीचं जेवण सोडलं, साखर सोडली, गार पाण्याने अंघोळ सुरू केली. माणूस म्हणे एकशेवीस वर्षं जगू शकतो. ते ऐकून त्यांनी हिशोब केला: आई एकशेवीसची होईल तेव्हा आपण शंभरीला टेकलेले असू. सख्खी आई जगणार म्हणून असला हिशोब करावा, ही काय तऱ्हा? आपण वाईट आहोत की नुसते दमलोय, हेच त्यांना कळेना.

मग तिने नवी कवळी मागितली. वयाबरोबर हिरड्या झिजतात, तोंड आत जातं, म्हणून त्यांनी या वेळी दात जरा उंच धरले. दुकानात कवळी बसवून पाहिली तर आईचे गाल भरले, सुरकुत्या उलगडल्या. तेवढ्यात आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनींना शोभून दिसतेय हो." आई खुदकन हसली. त्यांनी आरशात दोघांकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचं तरी काय चुकलं होतं?

गिऱ्हाईक गेल्यावर, आज खोलीचं सांगून टाकायचंच, असं ठरवून ते आईसमोर बसले. तोंडून निघालं दुसरंच.

"आई, एवढं जगून तुला करायचंय तरी काय?"

आईने कवळी काढून हातात घेतली. बिनदातांचं बोलणं समजायची त्यांना आयुष्यभराची सवय होती.

"मला काय करायचंय? कंटाळा आलाय रे. त्या गार पाण्याने तर जीव नकोसा होतो. पण सूनबाई गेली, नात तिच्या संसारात. मी गेले तर तुला कोण आहे? तुझी कुठे सोय असती तर मी कधीच सुटले असते."

त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. सोय तर होती. एका वाक्याचं काम होतं, दोघंही सुटले असते. पण आईचं सुटणं म्हणजे काय, हे ध्यानात आलं आणि जिभेवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. सांगण्यात माया की न सांगण्यात? आणि यात स्वार्थ कुठला?

"आहे का कुठे सोय?" आईने विचारलं.

"कुठली सोय, आई."

तिने उसासा टाकला आणि कवळी त्यांच्या हातात दिली.

"मग ही डावीकडे टोचतेय, ते नीट घासून दे. बरीच वर्षं वापरायचीय."